किल्ली दुसऱ्याकडे, खोली आपली

संगणक-सोबती (साप्ताहिक सदर)



मागच्या पौर्णिमेची गोष्ट. विहारातील वंदना आटोपली होती, खीर वाटून झाली होती आणि मी दाराशी चपला शोधत उभा होतो. तेवढ्यात पलीकडच्या चाळीतील एक मुलगी जवळ आली. वडील महापालिकेत सफाई खात्यात, आई दोन घरची कामे करते, मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. इकडे तिकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, "काका, एक विचारू? कॉलेजच्या संगणकावर मला एक प्रोग्राम टाकायचाय. पासवर्ड सरांकडे आहे. एका मुलाने सांगितलं की पासवर्ड नसला तरी आपल्या खात्यात टाकता येतो. पण ती चोरी तर नाही ना होणार?"

'चोरी' हा शब्द तिने इतक्या सहज वापरला, की मला चपलांचा विसर पडला. तिची आई मागेच उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, मी हिला सांगितलंय, परक्याच्या यंत्राला हात लावू नकोस. उद्या काही बिघडलं तर बोल आपल्यालाच लागेल." वहिनींचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. 'हात लावू नकोस' हे शब्द आपल्या घरांतून किती पिढ्या ऐकले गेले, हे या सदराच्या वाचकांना मी सांगायला नको. पण भीती खरी असली तरी तिचे कारण खरे असतेच असे नाही. म्हणून तिला म्हटले, "रविवारी ये, आपण नीट समजून घेऊ." त्या रविवारी जे बोललो आणि पुढे जे घडले, तेच आजच्या लेखात देत आहे. आपल्या कितीतरी मुलांचे संगणकाचे शिक्षण असेच दुसऱ्याच्या संगणकावर चालते. कोणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकतो, कोणी वाचनालयात, कोणी अभ्यासिकेत. यंत्राची मुख्य किल्ली सहसा त्यांच्यापैकी कोणाकडेच नसते.

आधी तिला प्रोग्राम कशाला हवा होता ते सांगतो. तिच्या आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, नागपूरच्या दीक्षेवरच्या. आजीला अक्षर ओळख नाही, पण ओव्यांचा साठा मोठा. मुलीने त्या वर्षभर मोबाईलवर ऐकून ऐकून उतरवून घेतल्या. आता त्यांची छोटी पुस्तिका करून अशोक विजयादशमीला आजीच्या हातात द्यायची, असा तिचा बेत होता. आपल्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. त्यावर स्क्रायबस नावाचा पुस्तकाची पाने जुळवण्याचा प्रोग्राम आहे. तो मोफत मिळतो. तिने त्यावर काम सुरू केले आणि पहिल्याच पानावर अडली. 'बुद्ध' शब्दातील जोडाक्षर फुटत होते. द वेगळा, त्याखाली लोंबणारा पाय, आणि ध वेगळा. 'भगिनी' मधली वेलांटी आधी यायची ती नंतर येत होती. ज्या पुस्तिकेत पानोपानी बुद्ध आणि भीम, तिथे हे कसे चालावे?

दोष तिचा नव्हता, जुन्या आवृत्तीचा होता. स्क्रायबसच्या १.४ या जुन्या मालिकेला देवनागरीची जोडाक्षरे नीट बसवता येत नसत. पुढे अक्षर जुळवणीचा भाग नव्याने लिहिला गेला आणि २०२४ च्या जानेवारीत आलेल्या १.६ आवृत्तीत देवनागरी व्यवस्थित दिसते. अभ्यासिकेतला संगणक मात्र इतका जुना, की नवी आवृत्ती त्याला पेलवेना. कॉलेजमध्ये चांगले संगणक होते, त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्सची आवृत्ती होती, पण स्क्रायबस नव्हते. तिने अर्ज दिला. अर्ज टेबलावर पडून राहिला. दसऱ्याला पाच आठवडे उरले होते.

कोणी विचारेल, लिबरऑफिसमध्ये का नाही केली? करता आली असती. त्यात मराठी उत्तम दिसते. पण ओवी एका बाजूला, फोटो दुसऱ्या बाजूला आणि खाली शब्दांचे अर्थ, अशी मांडणी तिने मनाशी धरली होती, आणि शिकली होती ती स्क्रायबस. आपण शिकलेले हत्यार आपल्याला वापरता यावे, एवढेच तिचे मागणे होते.

आता मुद्द्याकडे वळू. हे समजायला आपली चाळ डोळ्यापुढे आणा. चाळीत प्रत्येकाची खोली वेगळी असते. जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि मीटरची खोली सामायिक असते. मीटरच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असते आणि ती तशीच असावी. उद्या ज्याला वाटेल त्याने फ्यूज काढला तर सगळी चाळ अंधारात जाईल. पण तुम्ही स्वतःच्या खोलीत फळी ठोकली, मांडणी आणली, बाबासाहेबांचा फोटो लावला, तर त्यासाठी कोणी मीटरच्या खोलीची किल्ली मागायला जात नाही.

लिनक्सची रचना अगदी अशीच आहे. संगणकावर तुमचे खाते उघडले की तुम्हाला एक फोल्डर मिळतो, त्याला होम म्हणतात. होम म्हणजे घर. त्या घरात काय ठेवावे, काय काढावे, कोणती फाइल चालवावी, हे ठरवण्याचा अधिकार तुमचा. त्याबाहेरचे बहुतेक सारे सामायिक, आणि ते बदलण्याचा अधिकार व्यवस्थापकाचा. त्या व्यवस्थापकाच्या खात्याला 'रूट' म्हणतात. ही वाटणी काही कोणी सवलत म्हणून दिलेली नाही. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली सुरू केली, त्या काळी एक संगणक म्हणजे मोठा खर्च. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत. एकाचा कागद दुसऱ्याने फाडू नये म्हणून प्रत्येकाला आपली जागा दिली गेली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले, तेव्हा युनिक्सचीच रीत उचलली. म्हणजे तुमचे घर हे या यंत्राच्या पायातच आहे.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आज लिनक्समध्ये सगळ्यांचे सामायिक प्रोग्राम ज्या फोल्डरात राहतात, त्याचे नाव 'यूएसआर'. तेथे काही ठेवायचे तर व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. पण हे नाव आले 'यूजर' या शब्दावरून! सुरुवातीच्या युनिक्समध्ये वापरणाऱ्यांची घरे याच फोल्डरात होती. पुढे मुख्य डिस्कवर जागा पुरेना, तेव्हा प्रणालीचे सामान या घरांच्या शेजारी येऊन बसले. सामान वाढले, कायमचे झाले, आणि वापरणाऱ्यांची घरे दुसरीकडे हलवली गेली. पाटीवर नाव मात्र जुन्या रहिवाशांचेच राहिले. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी शहरातल्या वस्त्या उठताना पाहिल्या आहेत, ते या गोष्टीवर माझ्याहून जास्त हसतील.

प्रोग्राम 'टाकणे' म्हणजे तरी काय? ऐकायला मोठे वाटते. प्रत्यक्षात काही फाइली ठरावीक जागी ठेवायच्या, आणि मेनूत एक चिन्ह लावायचे, इतकेच बहुतेक वेळा असते. नेहमीचा मार्ग या फाइली सामायिक कपाटात ठेवतो, म्हणून पासवर्ड मागतो. तो पासवर्ड कपाटासाठी असतो. बहुतेक साध्या प्रोग्रामांना चालायला कपाट लागतेच असे नाही. त्यांना जागा लागते, आणि चालवण्याची परवानगी लागते. दोन्ही गोष्टी तुमच्या घरात आहेत.

मुलीला हे ऐकून बरे वाटले, पण ती म्हणाली, "काका, असं असेल तर सर का नाही सांगत?" मी म्हटले, सरांना ठाऊक नसेल असे नाही. अधिकार कागदावर असणे आणि तो वापरता येतो हे कोणी सांगणे, यांत अंतर असते. १९२३ साली बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ ला. एका प्रोग्रामची तुलना त्या सत्याग्रहाशी करण्याइतका मी भोळा नाही. पण सवय तीच आहे, आणि ती दोन्ही बाजूंना जडलेली आहे. एकाला सांगायची सवय नाही, दुसऱ्याला विचारायची नाही.

आता कृती. तिने काय केले ते क्रमाने सांगतो. मध्ये जे जे अडले तेही सांगतो, कारण अडते तेथेच मुले सोडून देतात.

स्क्रायबसच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिने 'अ‍ॅपइमेज' प्रकारची फाइल घेतली. अ‍ॅपइमेज म्हणजे शिदोरी समजा. प्रोग्रामला जे जे लागते त्यातले बहुतेक सारे एकाच फाइलीत बांधलेले असते. शिदोरी घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत कोणाच्या चुलीपाशी थांबावे लागत नाही, तसेच हे. शंभर एमबीच्या घरातली फाइल, कॉलेजच्या जाळ्यावर लवकर उतरली. पण नंतर दोनदा क्लिक केले तर काहीच होईना. ती घाबरली. वास्तविक लिनक्स नव्या उतरवलेल्या फाइलीला आपणहून चालू देत नाही, आणि हे चांगलेच आहे. फाइलीवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जायचे, तेथे परमिशन्स असतात, आणि ही फाइल प्रोग्राम म्हणून चालू द्यावी अशा अर्थाची एक खूण असते. ती लावायची. फाइल तुमची आहे, म्हणून खूण लावण्याचा अधिकारही तुमचा.

खूण लावली, तरी चालेना! येथे मी स्वतःही अर्धा तास अडलो. मग लक्षात आले. अ‍ॅपइमेजला आपली शिदोरी सोडण्यासाठी 'फ्यूज' नावाच्या व्यवस्थेचा एक जुना भाग लागतो, आणि उबुंटू २२.०४ पासून तो भाग मुळात बसवलेला नसतो. तो बसवायला पुन्हा पासवर्ड हवाच. म्हणजे दाराशी येऊन अडलो. पण यालाही वाट आहे. टर्मिनल उघडून, फाइल ज्या फोल्डरात आहे तेथे जाऊन, फाइलीच्या नावापुढे 'अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट' हा शब्द दोन आडव्या रेघा देऊन लिहिला, की ती शिदोरी स्वतःच सुटते आणि सगळे सामान एका फोल्डरात मांडून ठेवते. आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहायची असते, आणि फाइलीच्या नावाआधी टिंब व तिरपी रेघ द्यायला विसरायचे नाही. 'स्क्वॅशएफएस-रूट' नावाचा फोल्डर तयार होतो. नावातल्या 'रूट'ला घाबरू नका, त्याचा व्यवस्थापकाशी संबंध नाही. त्यात 'अ‍ॅपरन' नावाची फाइल असते. ती चालवली आणि स्क्रायबस उघडले.

पडद्यावर तिने पहिला शब्द लिहिला तो 'बुद्ध'. जोडाक्षर जागच्या जागी बसले. मराठी लिहिण्यासाठीही पासवर्ड लागला नव्हता. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी असते, ती आपल्या खात्यापुरती जोडून घेता येते.

अक्षराचे वळण मात्र तिला आवडले नाही. पुस्तिका आजीच्या वयाच्या बायका पाहणार, नातवंडे वाचून दाखवणार, म्हणून टपोरे आणि स्वच्छ अक्षर हवे होते. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला 'मुक्ता' नावाचा टंक मोफत मिळतो, परवाना खुला आहे, छपाईलाही चालतो. टंकही घरातच ठेवता येतो. होममध्ये 'लोकल' नावाचा एक लपलेला फोल्डर असतो. त्याच्या नावाआधी टिंब असते म्हणून तो दिसत नाही. कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की दिसतो. त्यात 'शेअर', आणि शेअरमध्ये 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर, नसल्यास करायचा. टंकाच्या फाइली त्यात ठेवायच्या आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. याच 'शेअर'मध्ये 'अ‍ॅप्लिकेशन्स' नावाच्या फोल्डरात एक छोटी मजकुराची फाइल लिहिली, की प्रोग्रामचे चिन्ह मेनूत दिसू लागते. हे नाही केले तरी चालते. तिने केले, कारण तिला आपल्या प्रोग्रामचे चिन्ह इतरांच्या चिन्हांच्या ओळीत पाहायचे होते. मी काही बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात नवी अडचण. फाइल साठवता येईना. कॉलेजने प्रत्येक खात्याला जागेची मर्यादा घातली होती. खोली आपली असली तरी तिचे माप ठरलेले. सुटलेल्या शिदोरीने, आजीच्या फोटोंनी आणि आवाजाच्या फाइलींनी खोली भरली होती. तिने नको त्या फाइली काढून टाकल्या, तरी जागा मोकळी होईना. का, तर काढलेल्या फाइली कचऱ्याच्या टोपलीत होत्या, आणि टोपलीही त्याच खोलीत! टोपली रिकामी केली, मूळ अ‍ॅपइमेजची फाइल पेनड्राइव्हवर हलवली, तेव्हा जमले. हे साधे आहे, पण टोपलीचे लक्षात न आल्याने रडकुंडीला आलेली मुले मी पाहिली आहेत.

काही ठिकाणी हे काहीच चालणार नाही, तेही सांगून ठेवतो. काही संस्था होम अशा रीतीने जोडतात, की त्यातील कोणतीही फाइल प्रोग्राम म्हणून चालतच नाही. खूण लावा नाहीतर काही करा, नकारच येतो. म्हणजे तेथे संस्थेने विचारपूर्वक दार लावले आहे. अशा ठिकाणी वळसे शोधत बसू नये, रीतसर विचारावे. तसेच छपाईयंत्राचे चालक, जाळ्याची जोडणी, यंत्राच्या गाभ्याशी बोलणारे भाग, हे मीटरच्या खोलीतले काम. ते घरातून होत नाही.

दुसरे मार्गही आहेत, थोडक्यात सांगतो. फायरफॉक्ससारखा ब्राउझर लिनक्ससाठी बांधलेल्या गाठोड्याच्या रूपात मिळतो. घरात सोडायचा आणि चालवायचा. घरातला असल्याने तो स्वतःला स्वतःच अद्ययावतही करतो. ज्या संगणकावर 'फ्लॅटपॅक' आधीच बसवलेले आहे, तेथे 'यूजर' हा पर्याय देऊन फक्त आपल्या खात्यात प्रोग्राम घेता येतो. फेडोरावर ते असते, उबुंटूवर मुळात नसते. पायथन शिकणाऱ्यांनी आपल्या फोल्डरात वेगळे आभासी वातावरण करावे, सगळे सामान त्यातच राहते. मूळ लेखनापासून प्रोग्राम बांधायचा असेल तर बांधतानाच 'माझ्या घरात ठेव' असे सांगता येते. पण हे शेवटचे काम चिकाटीचे आहे, नवख्याने त्यावर दसऱ्याची मुदत ठेवू नये. विंडोजवरही काही प्रोग्राम एका खात्यापुरते बसतात, काही पेनड्राइव्हवरून थेट चालतात, आणि विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून टंकही पासवर्डशिवाय आपल्या खात्यात बसवता येतो.

आता वहिनींच्या भीतीकडे येतो, कारण तिच्यात एक खरा भाग आहे. त्यांना वाटत होते, मुलीच्या हातून कॉलेजचे यंत्र बिघडेल. घरात टाकलेल्या प्रोग्रामने साधारणतः तसे होत नाही. रचनाच तशी आहे, शेजाऱ्याच्या खोलीत त्याचा हात पोहोचत नाही. पण स्वतःच्या खोलीत पोहोचतो ना! कोठूनही उचललेला प्रोग्राम चालवला आणि तो लबाड निघाला, तर तुमचे सगळे लेखन पुसून टाकायला किंवा चोरून न्यायला त्याला व्यवस्थापकाचा पासवर्ड लागत नाही. तुमच्या फाइलींवर जेवढा तुमचा अधिकार, तेवढाच तुम्ही चालवलेल्या प्रोग्रामचा. चोराला मीटरच्या खोलीत रस नसतो, त्याला तुमची पेटी हवी असते. म्हणून प्रोग्राम घ्यायचा तो तयार करणाऱ्यांच्या अधिकृत जागेवरूनच. पैसे देऊन घ्यायच्या प्रोग्रामची फुकट फोडलेली प्रत कोणी पेनड्राइव्हवर देऊ केली, तर नको म्हणावे. आणि एक, सामायिक कपाटातील प्रोग्रामांची डागडुजी व्यवस्थापक करतो. घरातल्यांची तुम्ही करायची. नवी आवृत्ती आली की ती आणणे, जुनी काढणे, हे काम विसरू नये.

मग चोरीचा प्रश्न. मी तिला सांगितले, यंत्राच्या दृष्टीने ही चोरी नाही, घुसखोरीही नाही. तू कोणाचा पासवर्ड घेतला नाहीस, कोणते कुलूप तोडले नाहीस. पण यंत्र परवानगी देते आणि संस्था परवानगी देते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेच्या भिंतीवर नियम लावलेले असतील तर वाच. त्यात 'बाहेरचा प्रोग्राम चालवू नये' असे असेल तर थांब, आणि अर्जाचा पाठपुरावा कर. तसे नसेल तरी सरांना सांगून कर. नोकरीच्या जागी तर हा विचार दुप्पट करावा. कंपनीच्या संगणकावर ग्राहकांची माहिती असते, तेथे न विचारता काही टाकले तर नोकरीवर येऊ शकते. आपल्या मुलांना एक नोकरी किती चपला झिजवून मिळते हे मी जाणतो.

या बाबतीत मोठ्या लोकांनीही वेगवेगळे वागून पाहिले आहे. मुक्त प्रोग्रामांची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी एक आठवण नोंदवून ठेवली आहे. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत काही जणांनी मुख्य पासवर्ड बदलला आणि तो आपल्याकडेच ठेवला. सगळी सत्ता त्या मूठभरांच्या हाती गेली. स्टॉलमन यांनी प्रणालीच्या गाभ्यातच बदल करून ती सत्ता पुन्हा सर्वांना मिळवून दिली. गोष्ट मला आवडते. पण स्टॉलमन त्या प्रयोगशाळेतले जाणते गडी होते. आमच्या मुलीने तसे काही केले असते तर तिचे वर्ष वाया गेले असते. एकच धाडस सगळ्यांना सारख्या किमतीत मिळत नाही. तिच्यासाठी आपली खोली आणि एक लेखी अर्ज, हाच रस्ता मला योग्य वाटला, आणि अजूनही वाटतो.

नियमांत मनाई नव्हती. पहिल्याच दिवशी, फाइल उतरवण्याआधी, तिने सरांना गाठून विचारले. सर घाईत होते, "बघ जमतं का" एवढेच म्हणाले. पुढे पाने तयार झाल्यावर तिने त्यांना ती नेऊन दाखवली. सरांनी पाने पाहिली, ओव्या वाचल्या, आजीचे गाव विचारले. मग म्हणाले, "चांगलं केलंस. पण बाकीच्या मुलांना सांगू नकोस, नाहीतर सगळेच सुरू करतील."

मला सर वाईट वाटले नाहीत. साठ मुलांनी साठ प्रोग्राम उतरवले तर जाळे मंदावेल, जागा भरेल, शिव्या त्यांनाच बसतील. त्यांची अडचण खरी आहे. पण 'बाकीच्यांना सांगू नकोस' हे वाक्य मला झोपू देईना. एकीला मिळाले ते तिच्या नशिबाने, की एक काका विहाराच्या दाराशी भेटला म्हणून? बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले आणि पुढे भारतभूषण छापखाना उभा केला, तो काही एकट्याने वाचण्यासाठी नव्हे. म्हणून मी मुलीला विचारले, मी सदरात लिहू का? ती म्हणाली, "लिहा काका. कॉलेजचं नाव तेवढं टाकू नका."

पुस्तिका बत्तीस पानांची झाली. पाने चारच्या पटीत ठेवली म्हणजे दुमडून टाके घालता येतात. मुद्रकाकडे स्क्रायबस नव्हते, त्याला लागलेही नाही. पीडीएफ केली, त्यात टंक सामावून घेतला, पेनड्राइव्हवर नेऊन दिली. परीक्षा संपल्यावर कॉलेज तिचे खाते बंद करेल आणि ती खोली रिकामी होईल, हे मी तिला आधीच सांगून ठेवले आहे. आजीचे सगळे आवाज, सगळ्या ओव्या आता दोन पेनड्राइव्हवर आहेत. एक तिच्याकडे, एक विहाराच्या कपाटात.

छापून आल्यावर कळले, की अकराव्या पानावर आजीच्या माहेरच्या गावाचे नाव चुकले आहे. जोडाक्षर बरोबर होते, गावच चुकीचे पडले होते. शंभर प्रती. दसऱ्याच्या आदल्या रात्री वडील, आई, धाकटा भाऊ आणि ती, चौघे चटईवर पेन घेऊन बसले आणि प्रत्येक प्रतीत हाताने दुरुस्ती केली. आजी मध्ये बसून प्रती मोजत होती. वहिनींनी त्यातली एक मला आणून दिली. त्यातल्या दुरुस्तीचे अक्षर वहिनींचे आहे.